वळणावर कोण कण्हतं?

"मशीन बिघडत नाही. माणूस बिघडतो!"

हे वाक्य सुपरवायझरांनी आयुष्यभर इतक्या वेळा आणि इतक्या वरच्या पट्टीत म्हटलं होतं, की शेजारच्या इमारतीतल्या पोपटालाही ते पाठ झालं असतं. पोपट नव्हता म्हणून वाचला.

बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. बूच वाकडं निघालं की कामगार म्हणायचा, "साहेब, मशीनच धड नाही." झालं! सुपरवायझर चष्म्यावरून असे बघायचे की कामगाराला आपला जन्मच वाकडा झाल्यासारखा वाटायचा. पुढे ते निवृत्त झाले, कारखाना बंद पडला, मशिनं भंगारात गेली, पण गल्लीत आणि घरात ते सुपरवायझरच राहिले. मिक्सर जळला? सुनेने बटण चुकीचं दाबलं असणार. टीव्ही दिसेना? मुलाने रिमोट आपटला असणार. आणि माणूस स्वतःलाही सोडत नव्हता बरं का! कानाला लावायचं यंत्र शिट्ट्या मारायला लागलं तेव्हा म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. माझ्या कानाचं भोकच वाकडं आहे." यंत्र गेलं कपाटात. तेव्हापासून घरातल्यांनी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे समुद्रावरून बोटीला हाका मारायच्या. असल्या तत्त्वनिष्ठ माणसासोबत राहणाऱ्यांना सरकारने भत्ता सुरू करायला हवा!

तर अशा या माणसाच्या ताब्यात घरची व्हॅन होती. सात माणसांची, काळी, रुंद, ढुंगणाने जड. धाकट्या नातीने तिचं नाव ठेवलं होतं म्हैस. मुलगा कंपनीच्या बसने जायचा, सून स्कूटरवर. म्हशीचा मालक कागदोपत्री मुलगा असला, तरी चावी सुपरवायझरांच्या खिशात. दोन्ही नातींना शाळेतून आणायचं काम त्यांचं. दिवसाचं एवढं एकच काम त्यांना उरलं होतं, आणि तेवढ्यासाठी ते सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, घड्याळाकडे बघत बसायचे. शाळा सुटायच्या कितीतरी आधी फाटकासमोर पहिला नंबर म्हशीचा!

आता एक गोष्ट तुम्हाला सरळच सांगून टाकतो, लपवाछपवी आपल्याला जमत नाही. व्हॅनचा पॉवर स्टिअरिंगचा पंप मरायला टेकला होता. हा पंप तेल ढकलतो, तेलाच्या जोरावर चाकं वळतात, आणि ड्रायव्हरला वाटतं आपणच वळवली. पंप गेला की कळतं, आपण किती वळवत होतो ते! स्टिअरिंग दगडी जात्यासारखं जड होतं. शिवाय मरता मरता पंप आवाज करतो. प्रत्येक वळणावर, "ऊंऽऽऽं..."

दुसऱ्या कुणालाही हे तिसऱ्या वळणावर समजलं असतं. सुपरवायझरांना समजलं ते वेगळंच.

"आपले हात गेले," ते मनाशी म्हणाले.

आणि हे घरात कुणाला कळू द्यायचं नाही, हेही लगेच ठरलं. कारण पोस्टमास्तरांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. पोस्टमास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे त्यांचे मित्र. एकदा त्यांची स्कूटर फुलांच्या कुंडीला नुसती घासली, कुंडीला काही झालं नाही, फुलाला काही झालं नाही. पण दोन मुलगे समोर येऊन बसले आणि मधाळ आवाजात म्हणाले, "बाबा, आता तुम्ही आराम करा." आराम करा! म्हाताऱ्या माणसाच्या हातातून चावी काढून घेताना लोक जो गोड आवाज काढतात ना, त्याच्यासारखा भेसूर आवाज जगात नाही. चोर बरा, निदान तो चोरून तरी नेतो! स्कूटर विकली आणि त्या बदल्यात पोस्टमास्तरांना एक खुर्ची आणून दिली. बटण दाबलं की पाठ रगडणारी. पोस्टमास्तर आता दिवसभर त्या खुर्चीत थरथरत बसतात आणि फाटकाकडे बघतात.

"मी नाही बसणार त्या खुर्चीत!" सुपरवायझरांनी आरशाला बजावलं. "माणूस बिघडला तर माणूस दुरुस्त करायचा!"

आणि त्यांनी गुपचूप स्वतःची दुरुस्ती काढली.

पहाटे सगळे झोपलेले असताना ते बाथरूममध्ये शिरायचे आणि भिजवलेली जाड चादर पिळायचे. पुन्हा भिजवायचे, पुन्हा पिळायचे. सूनबाईने पीठ काढलं की परात हिसकावून घ्यायचे. "दे इकडे, मी मळतो!" त्या पिठाची इतकी धुलाई व्हायची की पोळ्या ताटात हुंदके देतील असं वाटायचं. पाण्याचे कॅन जिन्याने चढवायला कामवाल्याला बंदी. घरात एकाही बरणीचं झाकण आता सुपरवायझरांशिवाय कुणाला उघडेना, कारण तेच ती आवळून ठेवायचे!

पण हात दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता आणि शाळा तर रोज सुटणार होती. म्हणून त्यांनी वळणं कमी केली. शाळेपासून घर म्हणजे तीन वळणं, त्यातलं एक तर इतकं चिंचोळं की सापानेही अंग चोरून जावं. सुपरवायझर सरळ निघायचे ते सरळच जायचे. नदीवरचा पूल, मग गोदामं, मग मोठा गोल रस्ता, आणि तिकडून हळूहळू, लांबच लांब वाकत घरी. नाती खूश! एकीने रेल्वेची मालगाडी पाहिली, दुसरीने गोदामाच्या पत्र्यावर बसलेलं माकड पाहिलं.

"आजोबा, आपण रोज इकडून का जातो?" थोरलीने त्यांच्या कानात ओरडून विचारलं.

"हवा चांगली आहे!"

"इथे तर रबर जाळल्याचा वास येतोय!"

"तेच म्हणतो, चांगली आहे!"

एकदा धाकटी मागून वाकून त्यांच्या कानाशी ओरडली. "आजोबा, तुम्ही वळताना कण्हता का?"

सुपरवायझरांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. "मी?"

"हो. ऊंऽऽऽ असं. दुखतं का?"

आता बघा, या माणसाच्या कानात यंत्र नाही. व्हॅनचा आवाज त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. आणि व्हॅन कण्हत असेल ही कल्पना त्यांच्या तत्त्वात बसत नव्हती. मग कण्हणारा उरला कोण?

"आपण कण्हतो," ते खचून मनाशी म्हणाले, "आणि आपल्यालाच कळत नाही. इथवर मजल गेली!"

त्या दिवसापासून वळण आलं की ते ओठ घट्ट दाबून धरायला लागले. तरी मागून धाकटी कानाशी ओरडायची, "आत्ता पण कण्हलात!" मग ते श्वासही रोखायला लागले. चेहरा लाल, डोळे बाहेर, गाल फुगलेले. चौकातला ट्रॅफिक पोलीस त्यांना बघून आपोआप बाजूला सरकायचा.

घरात हे कळायला कितीसा वेळ लागणार? पोरींच्या पोटात आजवर काय राहिलंय!

"आई, आजोबा कण्हतात. आणि आम्हाला लांबून आणतात. रस्ता विसरले बहुतेक."

सून हबकली. त्यात तिने पहाटे बाथरूमच्या फटीतून पाहिलं होतं, सासरे एका चादरीचा गळा आवळतायत आणि तिला दम देतायत, "अजून! अजून!" आणि त्यावर कडी म्हणजे धुवायच्या कपड्यांत त्यांचा रुमाल सापडला. त्यावर लाल डाग. झालं होतं एवढंच की व्हॅनखाली पंपातून गळलेल्या तांबूस तेलात सुपरवायझरांचा बूट पडला होता, आणि त्यांनी तो रुमालाने पुसला होता. पण रुमालाला थोडंच बोलता येतं!

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, आणि रुमाल पुढे केला. "बाबांना रक्त पडतंय. खोकल्यातून असेल नाही तर... आणि ते लपवतायत आपल्यापासून."

मुलगा तो रुमाल हातात धरून पलंगाच्या कडेला बसला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं की बाबा कधीतरी नसतील. रुमाल त्याने इतका घट्ट धरला होता की सुनेला शेवटी त्याच्या हातातून तो सोडवून घ्यावा लागला.

"त्यांना कळू द्यायचं नाही," तो म्हणाला. "प्रेमाने घ्यायचं."

आणि इथेच माती खाल्ली!

कारण दुसऱ्या दिवसापासून घर गोड झालं. सून, जी रोज "बाबा, बूट बाहेर! बाबा, टीव्ही हळू!" म्हणून घर डोक्यावर घ्यायची, ती कानाशी वाकून मऊसूत आवाजात विचारायला लागली, "बाबा, उशी देऊ का?" मुलगा ऑफिसातून फोन करायला लागला, "जेवलात ना?" टीव्ही कितीही मोठा लावा, कुणी हूं की चूं करेना. सुपरवायझरांनी मुद्दाम एकदा चिखलाचे बूट घालून दिवाणखान्यात येरझारा घातल्या. सूनबाईने नुसती मान वळवून डोळ्यांना पदर लावला.

सुपरवायझर येरझारा घालता घालता थांबले. हा गोडवा त्यांना ओळखीचा होता. पोस्टमास्तरांच्या घरी खुर्ची यायच्या आधी असाच पसरला होता!

शिक्कामोर्तब थोरलीने केलं. "आजोबा! पुढच्या आठवड्यापासून आम्हाला स्कूलबस!"

सुपरवायझर उठून आत गेले. पंख्याखाली बसून त्यांनी खिशातली चावी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि परत ठेवली. मग त्यांना वाटलं की परत ठेवण्यात काय अर्थ आहे. पण ठेवली.

सुट्टीचा दिवस उजाडला तसा मुलगा समोर येऊन बसला. "बाबा, आज आपण सगळे जरा फिरायला जाऊ." डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण ते सांगायचं कुणी? "आणि आज... आज मी चालवतो. तुम्ही आराम करा."

आलं! ते वाक्य आलं!

सुपरवायझरांनी चावी काढून मुलाच्या तळहातावर ठेवली. भांडण नाही, तत्त्व नाही, काही नाही. मुलाला तर वाटलं होतं अर्धा तास हुज्जत होईल, त्याचाही चेहरा पडला.

"बाबा, कानातलं घालता का आज?" सून त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. डॉक्टर काही विचारणार, यांना ऐकू यायला नको?

"घाल," ते म्हणाले. "काय हवं ते घाल."

इतकी वर्षं ही व्हॅन चालवून माणूस पहिल्यांदा तिच्या मागच्या सीटवर बसायला गेला, तर त्यांना सरकता दरवाजा आतून लावता येईना. ओढला, ढकलला, एकदा बाहेर पडता पडता राहिले. शेवटी धाकटीने उठून लावून दिला आणि त्यांच्या मांडीवर थोपटलं. सुपरवायझर खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर भिंत होती.

मुलाने गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडलं की लगेच उजवीकडे वळायचं, कारण समोर गल्लीपलीकडे लाँड्री. लाँड्रीवालीने कुठल्याशा हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी ओळीने वाळत घातल्या होत्या. मुलाने ऐटीत, एका हाताने स्टिअरिंग फिरवलं.

फिरलं नाही.

दोन हातांनी फिरवलं. भिंत ढकलल्यासारखं वाटलं! आणि त्याच क्षणी गाडीभर आवाज घुमला, "ऊंऽऽऽऽं..."

"बाबा! दुखतंय का?" मुलगा मागे वळून ओरडला.

"बाबा, सोसा हो थोडं, पोचलोच आपण!" सून पाण्याची बाटली घेऊन सीटवरून मागे वाकली.

"बाबा, छातीत आहे की पोटात?"

"ऊंऽऽऽऽं..."

"अगं, ते उत्तरच देत नाहीयेत, नुसते कण्हतायत!"

सुपरवायझर ताठ बसले होते. कानातल्या यंत्रातून तो आवाज त्यांना आयुष्यात पहिल्यांदा ऐकू येत होता. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, एकदा स्वतःच्या ओठांना बोट लावून पाहिलं.

"आई!" धाकटी किंचाळली. "आजोबांचं तोंड बंद आहे!"

सगळे थिजले. आजोबांचं तोंड खरंच बंद होतं.

"ऊंऽऽऽऽं," म्हैस म्हणाली, आणि सगळे मागे बघत असताना पुढे सरळ हॉटेलच्या चादरींत शिरली.

ब्रेक लागला खरा, पण दोरी तुटली, बांबू आडवा झाला आणि काचेवर, टपावर, आरशांवर चादरींच्या घड्या पडल्या. म्हैस नववधूसारखी सजून गल्लीत आडवी उभी! गाडीत एकदम पांढराफटक अंधार. बाहेर हॉर्नचा कल्लोळ.

"कोण आहे रे तो आंधळा!" लाँड्रीवालीचा आवाज सगळ्या हॉर्नांच्या वर होता. "धुतलेल्या चादरी! परत धुवायच्या मी? बाहेर ये, तुलाच पिळते!"

मुलाने गाडी मागे घ्यायला रिव्हर्स टाकला. स्टिअरिंग हलेना. त्याने कंबर उचलली, पाय टेकवला, दात खाल्ले. स्टिअरिंग बोटभर फिरलं आणि त्याच्या खांद्यातून कट्ट आवाज आला. "अडकलंय! जॅम झालंय पूर्ण!"

सरकता दरवाजा उघडला. या वेळी एका झटक्यात. सुपरवायझर चादरीखालून वाकून पुढे आले आणि ड्रायव्हरच्या दारापाशी उभे राहिले.

"सरक."

"बाबा, नका! तुमची तब्येत..."

"सरक म्हटलं ना!"

मुलगा काचेवरची चादर ओढत खाली उतरला. ते बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि फिरवलं. पहाटेच्या सगळ्या चादरी, परातभर पिठाचे गोळे, पाण्याचे कॅन, सगळं त्या दंडांत साठलं होतं. स्टिअरिंग टोकापर्यंत गेलं. म्हैस कण्हत कण्हत मागे आली, वळली, आणि भिंतीला समांतर अशी उभी राहिली की पट्टी लावून बघावी.

गल्लीतले हॉर्न थांबले. मुलगा खांदा चोळत दाराबाहेर उभा होता. बापाच्या शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट बसल्यात हे त्याला आत्ता दिसलं.

"बाबा... हे कधीपासून असं जड आहे?"

"महिना झाला असेल."

"आणि तुम्ही रोज चालवत होता? हे? बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझे हातच गेले." सुपरवायझरांची नजर स्टिअरिंगवर. "सांगितलं असतं तर तुम्ही चावी घेतली असती."



"आणि ते रक्त?" सून गाडीतून उतरून पुढे आली. "रुमालावरचं?"

"कसलं रक्त? बूट पुसला मी त्याला. खाली काहीतरी चिकट लाल सांडलं होतं."

सून गुडघ्यावर बसली, गाडीखाली वाकली. मग उठली. तिच्या बोटावर तांबूस तेल होतं. तिने ते बोट नाकाशी नेलं, नवऱ्याच्या नाकाशी नेलं, आणि मग तिचा बांध फुटला.

"तेल! तेल पुसलंत तुम्ही, आणि मी इकडे रात्र रात्र रडतेय! चांगल्या रुमालाने बूट पुसतं का कोणी? आणि तोंड शिवलं होतं का? स्टिअरिंग जड लागतंय एवढं सांगता येत नाही? पोरींना बसवून आणत होता त्यातून! काही झालं असतं तर? तुम्हाला काही झालं असतं तर मी काय... आणि ते चिखलाचे बूट! गालिचा अजून तसाच पडलाय! तो आज तुम्हीच धुवायचा, ऐकलंत ना?"

ती भर गल्लीत, लाँड्रीवालीच्याही वरताण ओरडत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लाँड्रीवाली बिचारी आपलं भांडण विसरून ऐकत उभी.

सुपरवायझर सुनेकडे बघत राहिले. किती दिवसांनी ओरडत होती ती! त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी कानातलं यंत्र बोटाने जरा आणखी आत दाबलं.

"पंप मेलेली ही गाडी माझ्या बापाने नुसत्या हातांच्या जोरावर चालवली आहे," मुलगा गॅरेजवाल्याला नंतर किती वेळा सांगत होता देव जाणे. गॅरेजवाला आधी म्हणाला टायरमध्ये हवा कमी असेल, मग म्हणाला अख्खं स्टिअरिंगच बदला, मग स्वतः आत बसून फिरवून पाहिलं, हात झटकत उतरला आणि नवा पंप मागवला. सुपरवायझर शेजारी उभे राहून जुना पंप हातात फिरवून बघत होते. आयुष्यभर ज्यांना खोटं ठरवलं ते सगळे कामगार एकेक करून डोळ्यांसमोरून जात असावेत, कारण चेहरा तसा झाला होता. लाँड्रीवालीच्या चादरी दोन दिवस घरीच धुतल्या गेल्या. पिळल्या कुणी, हे विचारू नका.

स्कूलबस रद्द झाली. सूनबाईनेच फोन करून केली, आणि चावी सासऱ्यांच्या हातावर आपटून म्हणाली, "उशीर झाला तर बघा!"

नवा पंप बसला तसे सगळे गॅरेजमधून व्हॅन घ्यायला गेले. सुपरवायझर आपल्या जागेवर बसले. इस्त्रीचा शर्ट. शेजारी सून, मागे मुलगा आणि नाती. गॅरेजवाल्याला त्यांनी मानेनेच निरोप दिला, फाटकाशी आले, आणि महिनाभराच्या सवयीने, कमरेपासून सगळा जोर लावून, उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं.

पंप नवा होता. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. फिरलं आणि फिरतच राहिलं! मागे सगळे एकमेकांच्या अंगावर पडले, रस्त्यावरचं कुत्रं पळालं, म्हशीने गर्रकन गिरकी घेतली आणि गॅरेजच्या दुसऱ्या फाटकातून आत शिरून थेट गॅरेजवाल्याच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली.

गॅरेजवाल्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. "काय हो काका? काही राहिलं का?"

सुपरवायझरांनी शांतपणे काच खाली केली. "नाही. वळते का बघितलं."

"मग? वळते ना?"

"जरा जास्तच."

शेजारी सून दारावरची कडी दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून बसली होती. तिने डोळे न उघडताच विचारलं, "बाबा, आपण निघालो, की पोचलो?"

सुपरवायझरांनी समोर पाहिलं, मागे पाहिलं, आणि अगदी हळू, दोन बोटांनी, स्टिअरिंग सरळ केलं.

"दोन्ही," ते म्हणाले.